हरलेल्या बॉक्सरची कैफियत

गेल्या जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या शाळेच्या सभागृहात एक लघुपट दाखवण्यात आला. शाळेच्याच चार माजी विद्यार्थ्यांनी तो केलेला. लांबी २२ मिनिटे, खर्च १८ हजार रुपये. त्यातले पाच हजार ग्लव्हज, हेडगार्ड आणि दोरखंडाच्या भाड्यात गेले. उरलेल्यातला बराचसा भाग पेट्रोल आणि वडापाव यांवर गेला, असे त्यांनीच सांगितले. कॅमेरा म्हणजे एकाचा मोबाईल. पडदा म्हणजे मंडपवाल्याकडून आणलेली पांढरी चादर, आणि वरचा पंखा सुरू केला की त्या चादरीवरचा नायक पोटातून हलायचा.

गोष्ट आमच्या निपाणी भागातल्या एका मुलाची. आई घरी विड्या वळते. मुलगा तंबाखूच्या जुन्या पोत्यात वाळू आणि चिंध्या भरतो, ते पोते वडाच्या फांदीला टांगतो आणि पहाटे त्याच्यावर ठोसे मारत बसतो. लष्करातून निवृत्त झालेला एक कानडी सुभेदार त्याला शिकवतो. पोरगा जिल्हा जिंकतो, राज्य पातळीवर जातो. तिथे शेवटच्या फेरीत खाली पडतो. सुभेदार बाहेरून ओरडतो, ‘एळ तम्मा, एळ!’ पोरगा उठतो, फेरी पुरी करतो आणि गुणांवर हरतो. पाच पंचांपैकी दोघांचा कौल त्याच्या बाजूने, तिघांचा विरुद्ध. शेवटच्या गाडीने रात्री घरी येतो. आई विचारते, ‘जेवलास काय रे?’ तो मान हलवतो. आई ताट वाढते. लघुपट संपतो.

दिवे लागल्यावर गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ उठले. त्यांचे नाव मी लिहिणार नाही, कारण ते एकटे नाहीत. त्यांच्यासारखे आपल्या प्रत्येक गल्लीत चार निघतील. त्यांनी माईक मागून घेतला आणि तीन आक्षेप नोंदवले. पहिला : ‘शेवटी पोरगा हरतो. यातून मुलांनी बोध काय घ्यायचा?’ दुसरा : ‘मराठी शाळेत दाखवायचा चित्रपट आणि त्यात कानडी? भाषेची ही भेसळ आपणच करायला लागलो तर मग संपलेच!’ तिसरा : ‘हौस म्हणून ठीक आहे, पण याला काही सिनेमा म्हणत नाहीत. पोरांनी आधी नोकरीधंद्याचे बघावे.’ सभागृहात टाळ्या पडल्या. पालकांनी वाजवल्या, आमच्या दोन शिक्षकांनीही वाजवल्या.

आता वाचकहो, सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते ते सांगतो. ज्याच्यावरून ही गोष्ट घेतली, तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. आता तो मुलगा कसला, तिशीला आलेला बाप्या आहे. कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. त्या दिवशी रात्रपाळी करून, न झोपता आला होता. टाळ्या वाजल्या तशी त्याने पायातली चप्पल चाचपली आणि मागच्या दाराने निघून गेला.

त्या टाळ्यांना उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे. पण दुसऱ्यांवर बोट रोखण्याआधी स्वतःचे माप पदरात घ्यावे लागेल. हा मुलगा शाळेत असताना मी मराठी शिकवत होतो आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर गुणवंतांची नावे वाचण्याचे काम माझ्याकडे होते. खेळात पदक आणणाऱ्याचे नाव वाचायचे, बाकीच्यांचे नाही, असा आमचा शिरस्ता. हा राज्य स्पर्धेतून हरून आला त्या सकाळी डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन रांगेत उभा होता. मी वक्तृत्व स्पर्धेतल्या तिसऱ्या क्रमांकाचे नाव वाचले. याचे वाचले नाही. मधल्या सुट्टीत मात्र त्याला बोलावून म्हणालो, ‘बास आता ते ठोसे, दहावीचे बघ.’ त्याने पुढे ग्लव्हज घातले नाहीत. त्या गृहस्थांनी माईकवर जे सांगितले, तेच मी त्याला फार आधी खासगीत सांगून चुकलो होतो. म्हणून माझा हा वाद त्यांच्याशी आहे तितकाच माझ्याशीही आहे.

पहिला आक्षेप घेऊ. हरलेल्याची गोष्ट का दाखवायची?

२०२४ च्या जूनमध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. कबीर खान दिग्दर्शक, कार्तिक आर्यन नायक. कोल्हापूरला जाऊन आपल्यापैकी अनेकांनी तो सहकुटुंब पाहिला. मीही पाहिला, आणि डोळे पुसले. तो मुरलीकांत पेटकरांवर आहे. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. ज्या पुणे–बंगळूर रस्त्यावर आपली निपाणी आहे, त्याच रस्त्यावर त्यांचे पेठ आहे. म्हणजे माणूस आपल्याच वाटेवरचा. लहान वयात सैन्यात गेले, तिथे बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीराचा खालचा भाग निकामी झाला. रिंग सुटली. मग पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात सुवर्णपदक आणले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण.

आता वर्षे मोजा. पदक १९७२ चे. पद्मश्री २०१८ ची. चित्रपट २०२४ चा. अर्जुन पुरस्कार त्यानंतर, जानेवारी २०२५ मध्ये. सुवर्णपदक गळ्यात असलेल्या माणसाला पडद्यावर यायला ५२ वर्षे लागली, तर ज्याच्या गळ्यात काहीच नाही त्याने किती वर्षे वाट पाहायची? पेटकरांबरोबर त्याच पलटणीत ग्लव्हज घालून उभे राहिलेले कितीतरी असतील. ते पहाटे तितकेच धावले असतील, त्यांच्या नाकातून तितकेच रक्त आले असेल. त्यांच्यावर कोट्यवधी रुपये कोण लावणार? मोठ्या चित्रपटाला पदक लागते. त्यात त्याचा दोष नाही. तो धंदा आहे आणि धंद्याला तारण लागते. पण म्हणूनच ज्याच्याकडे तारण नाही त्याची गोष्ट १८ हजारांच्या चित्रपटानेच सांगावी लागते.

आपल्या खाशाबा जाधवांचेच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. सहाव्याला कोण विचारतो? पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ साली या सहाव्या आलेल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्यातून हेलसिंकीचे कांस्यपदक आले. आपण भाषणात नेहमी ते कांस्य सांगतो. मी मात्र अलीकडे त्या सहाव्या क्रमांकाचा विचार करतो. एका शिक्षकाने हरलेल्यावर घर लावले. आणि दुसऱ्या एका शिक्षकाला, म्हणजे मला, प्रार्थनेत एक नाव वाचणे जड गेले.

बोध काय, असे विचारणाऱ्यांनी जगातला सर्वांत गाजलेला बॉक्सिंगपट आठवावा. १९७६ चा ‘रॉकी’. अमेरिकेच्या मानाने तोही किरकोळ पैशांत, दहा लाख डॉलरच्या आसपास, झालेला. वर्षाच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. पुढच्या भागांमुळे लोकांचा समज असा झाला आहे की रॉकी जिंकतो. नाही. पहिल्या चित्रपटात रॉकी हरतो. पंचांत मतभेद होतात आणि कौल विरुद्ध जातो. शेवटच्या घंटेपर्यंत पायांवर उभे राहायचे, एवढेच त्याने स्वतःशी ठरवलेले असते, आणि तेवढे तो करतो. फिलाडेल्फियाचा रॉकी हरला तर ती कला, आणि निपाणीचा पोरगा हरला तर ‘बोध काय’?

आणि बोध हवाच असेल तर सांगतो. आमच्या शाळेतून दरवर्षी जी मुले बाहेर पडतात, त्यांतली पदक आणणारी बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची सगळी कुठे ना कुठे हरणार आहेत. नोकरीच्या मुलाखतीत, शेतीच्या भावात, लग्नाच्या बोलणीत. हरून आल्यावर रात्री घरी कसे यायचे, ताटावर कसे बसायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर कसे जायचे, हे त्यांना कोणत्या धड्यात शिकवले आहे? या २२ मिनिटांत ते आहे. सीमाभागातल्या माणसाला तर ते जास्तच कळायला हवे. १९५६ पासून आपल्या तीन पिढ्यांनी निकालाची वाट पाहिली. १९६७ चा महाजन अहवाल आपल्या विरुद्ध गेला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. कौल आपल्या बाजूने नसतानाही आपण उभे आहोत. मग पडद्यावर उभा राहिलेला आपलाच पोरगा आपल्याला ओळखू कसा येत नाही?

दुसरा आक्षेप भाषेचा. तो मला अधिक लागला, कारण मी मराठीचा शिक्षक आहे. वर्गात प्रमाण मराठीचा आग्रह धरतो, ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई ओढतो. मराठी शाळा टिकावी म्हणून सरकारदरबारी जेवढी निवेदने दिली, त्यांची फाईल माझ्या कपाटात आहे. तेव्हा भाषेच्या बाबतीत मला कोणी ढिला म्हणणार नाही. तरीही सांगतो, ‘एळ तम्मा, एळ’ हे त्या लघुपटातले सर्वांत खरे वाक्य आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्याकडची कितीतरी घरे या फौजेच्या पेन्शनवर उभी राहिली. फौजेतून परत आलेला माणूस पोरांना शिकवायला बसला, तर घरात बोलतो त्या भाषेत ओरडणारच. खाली पडलेल्या शिष्याला उठवायचे असताना गुरूने व्याकरण तपासायचे काय? आणि त्या पोराला ‘एळ’ म्हणजे ‘ऊठ’ हे कुणी भाषांतर करून सांगावे लागले नाही. बाजारात, गाडीत, आठवडी बाजाराच्या दिवशी म्हशीच्या सौद्यात आपण सगळेच ती भाषा बोलतो. फक्त माईक हातात आला की विसरतो. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्या संतांनी कानडा म्हटले. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा मुलगा कुमार गंधर्व झाला आणि त्याच्या गळ्यातून मराठी माणसाने निर्गुणी भजने ऐकली. त्यांना आपण कधी भेसळ म्हटले नाही.

सक्तीने लादलेली भाषा आणि शेजारून कानावर आलेली भाषा, यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळावा? पहिलीशी भांडायचे आहे, ते आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे. दुसरीशी भांडलो तर आपण आपल्याच दारातल्या माणसाशी भांडतो. तो सुभेदार मराठी पोराला फुकट शिकवत होता, हे तरी त्या गृहस्थांच्या लक्षात यायला हवे होते.

आणखी एक विचारतो. ‘चंदू चॅम्पियन’मध्ये आपल्या सांगलीचा मुरली हिंदीत बोलतो. त्याची आई, त्याचे गाव, तिथली तालीम, सगळे हिंदीत. तेव्हा कोणी उठून भेसळ म्हटले काय? कोणी मराठीच्या नावाने माईक मागितला काय? नाही. तिकीट काढून, पॉपकॉर्न खात, आपण गप्प बसलो. सव्वादोन तासांची हिंदी चालते आणि दोन शब्दांची कानडी खुपते! ज्या लघुपटात आईने ‘जेवलास काय रे’ असे आपल्याच ओट्यावरच्या मराठीत विचारले, त्याचीच मराठी कमी पडली म्हणायचे?

या पोराची दुसरीही अडचण ऐका. इकडच्या राज्य स्पर्धेत गेला की तो ‘मराठीवाला’. कोल्हापूरच्या एका निवड चाचणीला गेला तर ‘परराज्यातला’ म्हणून परत पाठवला. इकडे ना तिकडे, अशी त्याची गत. लघुपटात हा प्रसंग फक्त अर्ध्या मिनिटाचा आहे. टेबलावर अर्ज सरकवला जातो आणि तो तसाच परत येतो. सीमाप्रश्नावर मी ऐकलेल्या कितीतरी तासाभराच्या भाषणांपेक्षा ते अर्धे मिनिट मला अधिक बोलले.

आता तिसरा आक्षेप. याला सिनेमा म्हणत नाहीत.

लघुपटात दोष आहेत, ते मी झाकणार नाही. आवाज नीट आलेला नाही. एका प्रसंगात पीठगिरणीची घरघर संवादावर चढते. लढतीचे चित्रण कच्चे आहे, ठोसा आणि मान यांचा मेळ बसत नाही. पंचाचे काम करणारा मुलगा दोनदा हसतो. शेवटी एका मोठ्या चित्रपटाचे संगीत उचलून लावले होते. ते काढा, नुसती ताटवाटीची खणखण ठेवा, असे मी पोरांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. हे शिकण्यातले दोष आहेत. ते दाखवावेत, जरूर दाखवावेत. पण दोष दाखवणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे.

कोल्हापूर आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर. तिथे बाबूराव पेंटरांनी स्वतः खटपट करून कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांनाही लोक हौशीच म्हणाले असतील. त्याच पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, शेतकरी झाला होता तरुण व्ही. शांताराम. म्हणजे आपल्या भागातल्या सिनेमाने सुरुवातीलाच हरलेल्या माणसाकडे पाहिले होते. अलीकडचे सांगायचे तर नागराज मंजुळे यांच्या पहिल्याच लघुपटाला, ‘पिस्तुल्या’ला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळ्याकडच्या खेड्यातला हा माणूस लघुपटातूनच पुढे आला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे.

आणि लांब कशाला जायचे? खुद्द निपाणीवर झालेला एक लघुपट आहे. नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. साल १९८२, लांबी २५ मिनिटांच्या आसपास, कृष्णधवल. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या गटाने तो केला. गट बंगळूरचा, पण भाषा आपली. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि संघटना बांधणाऱ्या निपाणीच्या बायका त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात. ‘चाकी’ म्हणजे काय, हे निपाणीबाहेर सांगावे लागते. निपाणीत लागत नाही. असा आपल्या बोलीतला मथळा घेऊन तो लघुपट जगभर फिरला. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने त्याचे डिजिटल जतन केले. बर्लिनमध्ये लोक बसून निपाणीच्या बायकांचे बोलणे ऐकतात. निपाणीत? मी आमच्या दहावीच्या दोन्ही तुकड्यांत विचारले. एकानेही नाव ऐकले नव्हते. ज्यांच्या आज्या त्याच वखारींत होत्या, त्यांनीही नाही. शिक्षकांच्या खोलीत विचारले, तिथेही शांतता. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. आपल्याकडे तर पिकते तिथे कोणी बघतही नाही.

त्या लघुपटालाही कमी पैशांत झालेला, चकचकीत नसलेला, असे कोणी म्हणू शकले असते. पण आज त्या काळातल्या निपाणीच्या कामगार बायकांचे आवाज ऐकायचे असतील तर तोच आधार आहे. मोठ्या कंपन्यांचे कॅमेरे काही आपल्या वखारींत आले नाहीत. त्याचप्रमाणे आणखी चाळीस वर्षांनी कुणाला विचारावेसे वाटले की, २०२५ च्या सुमाराला निपाणी भागातला पोरगा कसा बोलत होता, त्याची आई विड्या वळताना पाय कसे दुमडून बसत होती, हरून आलेल्याला घरात काय म्हणत होते, तर या २२ मिनिटांशिवाय त्याला काय सापडेल? आपली भाषणे? आपले ठराव? माझी निवेदनांची फाईल?

‘पोरांनी नोकरीधंद्याचे बघावे’ हा सल्ला प्रेमाचा आहे, हे मी जाणतो. मी स्वतः तो दिला आहे. पण चौघांपैकी एक दूध संघात आहे, एक मोबाईल दुरुस्त करतो, एक कॉलेजात आहे, एकाचे कपड्यांचे दुकान आहे. धंदा सांभाळून, रविवारचे रविवार जोडून, सात महिन्यांत त्यांनी हे केले. त्याच सात महिन्यांतले आपले रविवार आपण कुठे घालवले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात इतकेच. आपल्या मुलांनी आपल्या माणसांवर केलेला लघुपट शाळेत, वाचनालयात, गणपतीच्या मंडपात दाखवा. चुका काढा, पण पुढच्या वेळी कॅमेऱ्याचे भाडे कोण देणार, तेही त्याच सभेत ठरवा. एखाद्या लग्नातला एका वेळचा फटाक्यांचा खर्च वाचला तर असे दोन लघुपट होतात. आणि ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ एकदा तरी निपाणीत, त्या बायकांच्या लेकीसुनांना, नातवंडांना समोर बसवून दाखवा.

आमच्या शाळेपुरते सांगतो. जूनपासून प्रार्थनेनंतर खेळायला जाऊन आलेल्या प्रत्येकाचे नाव वाचले जाते. जिंकून आला की हरून, ते नंतर. पहिल्या दिवशी मी त्या बॉक्सरचे नाव वाचले. वजनगट, साल, स्पर्धा, आणि ‘पाचपैकी दोन पंचांचा कौल’ असे सगळे वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो नव्हता, त्याची पहिली पाळी होती. संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘सर, उशीर झाला,’ म्हणाला. माझ्या वाचनाला उशीर झाला म्हणाला की त्याच्या फोनला, ते मी विचारले नाही.

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात लघुपट पुन्हा दाखवणार आहोत. पीठगिरणीचा आवाज पोरांनी कमी केला आहे. कानडी तशीच आहे, पोरगा अजून हरतो. त्या गृहस्थांना मी स्वतः निमंत्रण देऊन आलो आहे. माईक त्यांना जरूर देईन. फक्त या वेळी त्यांची खुर्ची शेवटच्या बाकाशेजारी ठेवणार आहे.